‘आय हॅव सेंट इट यस्टरडे’: नुकतंच, आत्ताच, अलीकडे यांचं इंग्रजी सारखं बिघडतं तेव्हा काय तपासायचं

मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्ट टीममध्ये आहे. ग्राहक परदेशातले आणि टीम बहुतेक मराठी: सोलापूर, नांदेड, सांगली, जळगाव. बाहेर जाणाऱ्या मोठ्या मेलवर शेवटची नजर माझी असते, आणि हे काम मी गेली अकरा वर्षं करते आहे. स्पेलिंगच्या चुका आता यंत्रच पकडतं. ‘अ’ आणि ‘द’ चुकले तरी सहसा कोणाचं अडत नाही. पण एक बिघाड दर नव्या बॅचबरोबर परत येतो. ‘नुकतंच’, ‘आत्ताच’, ‘थोड्या वेळापूर्वी’, ‘अलीकडे’ असं काही इंग्रजीत सांगायचं झालं की चांगलं चाललेलं वाक्य हमखास डगमगतं.

सपोर्टच्या कामात ‘कधी झालं’ कळलं की अर्धा तपास झालेला असतो. सर्व्हर दहा मिनिटांपूर्वी पडला की परवा, यावर पुढचं सगळं ठरतं. म्हणून मी या एका गोष्टीवर जरा जास्तच कटकट करते, असं टीमचं मत आहे.

एक गंमत सांगते. माझ्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून मिळालं, २००० नंतरच्या मुलांना पहिलीपासून. चूक मात्र दोघांची तीच, अगदी त्याच जागी. त्यामुळे दोष शाळेचा आहे असं मला वाटत नाही. आपले मराठी शब्दच फार कामसू आहेत. एकेक शब्द तीन-तीन नोकऱ्या करतो. इंग्रजीत त्या तीन नोकऱ्यांना तीन वेगळी माणसं लागतात.

इंग्रजी वाक्यं खाली देवनागरीतच दिली आहेत. डोळ्यांनी वाचून पुढे जाऊ नका, तोंडाने म्हणा. ही चूक डोळ्यांपेक्षा कानाला लवकर कळते.

लक्षणं

यातलं काही तुमच्या मेलमध्ये दिसत असेल तर बिघाड हाच:

– ‘आय हॅव सेंट द फाइल यस्टरडे.’
– ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे.’ आणि पुढे दुसरं काहीच नाही.
– ‘बिफोर टू डेज वी रीस्टार्टेड द सर्व्हर.’
– ‘जस्ट आय स्पोक टू हिम.’ किंवा त्याचं भावंड, ‘नाऊ ओन्ली आय स्पोक टू हिम.’
– ‘लेटली आय बॉट अ लॅपटॉप.’
– ‘न्यूली आय जॉइन्ड धिस टीम.’
– समोरच्याचं उत्तर एका ओळीचं येतं: ‘व्हेन एक्झॅक्टली?’

शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. बाकीच्या चुका समोरचा माणूस समजून घेतो. हा प्रश्न आला याचा अर्थ तुमचं वाक्य पोचलंच नाही. आणि व्याकरण तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने खाली रेघ मारली नाही म्हणून निर्धास्त राहू नका. यातली काही वाक्यं व्याकरणात बसतात, फक्त त्यांचा अर्थ तुमच्या मनातला नसतो.

पाच सेकंदांची तपासणी: शब्दच काढून टाका

सगळ्यात स्वस्त उपाय आधी. खरी वेळ तुम्हाला माहीत आहे का? मग ‘रीसेंटली’ वगैरे खोडा आणि वेळ लिहा. ‘वी रीस्टार्टेड द सर्व्हर ॲट १५:३०, इंडिया टाइम.’ संपला विषय. भारतीय वेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे आहे; लंडनमध्ये उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करतात तेव्हा फरक साडेचार तासांचा राहतो. म्हणून ‘इंडिया टाइम’ हे दोन शब्द गाळायचे नाहीत.

हे आधी का, तर ‘रीसेंटली’ हा शब्द रबरासारखा आहे. सर्व्हरच्या बाबतीत रीसेंटली म्हणजे दहा मिनिटं, संचालकाच्या नेमणुकीच्या बाबतीत सहा महिने. भूगर्भशास्त्रज्ञ ज्या कालखंडाला पूर्वी ‘रीसेंट’च म्हणत, आणि आता होलोसीन म्हणतात, तो सुरू होऊन सुमारे ११,७०० वर्षं झाली आहेत. तुमच्या ग्राहकाने यातलं कुठलं रबर धरायचं?

माझ्या अंदाजाने निम्म्या मेल इथेच दुरुस्त होतात. वेळ माहीत नसेल, किंवा ती सांगण्यात अर्थ नसेल, तरच पुढे चला.

वाक्यात घड्याळ किंवा कॅलेंडर आहे का?

यस्टरडे, लास्ट वीक, ॲट थ्री ओ’क्लॉक, टू डेज अगो, इन मार्च. यातलं काहीही वाक्यात असेल तर ‘हॅव’ किंवा ‘हॅज’ काढा आणि साधा भूतकाळ ठेवा. ‘आय सेंट द फाइल यस्टरडे.’ बस.

ही चूक इतकी चिवट का, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. ‘मी काल फाइल पाठवली आहे’ हे मराठीत शंभर टक्के बरोबर आहे. ‘आहे’ लावून आपण सांगतो की काम झालंय, फाइल तुमच्याकडे पोचलेली आहे, बघून घ्या. त्यात ‘काल’ आलं तरी मराठीला काही खुपत नाही. इंग्रजीला खुपतं. इंग्रजीतल्या ‘हॅव’चं खातं आज चालू असतं. ‘यस्टरडे’ म्हटलं की ते खातं बंद झालं, त्यात आता नोंद करता येत नाही. उलट ‘जस्ट’ आणि ‘रीसेंटली’ यांना पक्की तारीख नसते, म्हणून ते ‘हॅव’बरोबर सुखाने नांदतात: ‘आय हॅव जस्ट सेंट द फाइल.’

‘जस्ट नाऊ’ मात्र घड्याळाच्या बाजूला धरा. दिसायला ‘जस्ट’चा सख्खा भाऊ, वागायला वेगळा. तो शेवटी बसतो आणि साधा भूतकाळ मागतो: ‘आय सेंट इट जस्ट नाऊ.’ ‘आय हॅव जस्ट नाऊ सेंट इट’ असं कोणी कधी म्हणत नाही असं नाही, पण कामाच्या मेलमध्ये त्या वाटेला जाऊ नका.

‘हॅड’चं प्रकरण याच घरातलं. आपण सहज म्हणतो, ‘काल मी फोन केला होता.’ इथे ‘होता’ एवढंच सांगतो की केला, आणि ती गोष्ट तिथे संपली. म्हणून आपण लिहितो, ‘आय हॅड कॉल्ड यू यस्टरडे.’ इंग्रजी वाचणारा ‘हॅड’ दिसताच दुसऱ्या घटनेची वाट बघायला लागतो. फोन केला होता, बरं, मग? कशाच्या आधी? मी मुलांना हाच प्रश्न विचारायला शिकवते. ‘हॅड’वर बोट ठेवायचं आणि विचारायचं, ‘कशाच्या आधी?’ उत्तर वाक्यात असेल तर ‘हॅड’ राहू दे: ‘वी हॅड रीस्टार्टेड द सर्व्हर बिफोर यू कॉल्ड.’ उत्तर नसेल तर काढा. दहापैकी नऊ वेळा नसतं.

‘बिफोर टू डेज’

याची दुरुस्ती सगळ्यात सोपी, पण कारण मजेशीर आहे म्हणून जरा थांबते.

‘दोन दिवसांपूर्वी’ मध्ये ‘पूर्वी’ हे शब्दयोगी अव्यय. ते शब्दाच्या मागून चिकटतं. इंग्रजीत असली कामं करणारे शब्द पुढे बसतात: इन पुणे, ऑन मंडे, आफ्टर लंच. शाळेत ही उलटापालट आपण इतकी घोटलेली असते की ‘पूर्वी’ दिसलं की हात आपोआप ‘बिफोर’ लिहितो आणि पुढे नेऊन ठेवतो. झालं, ‘बिफोर टू डेज.’

पण नेमक्या याच जागी इंग्रजी मराठीसारखं वागतं. ‘टू डेज अगो.’ दोन, दिवस, पूर्वी. क्रम जसाच्या तसा. ‘अगो’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘निघून गेलेला’ अशा अर्थाच्या रूपातून आलेला शब्द. म्हणजे ‘टू डेज अगो’ हे मुळात ‘दोन दिवस गेले’ असंच आहे. आपली आजी म्हणायची ना, ‘त्याला जाऊन दोन वर्षं झाली’, त्याच चालीचं. एकदा हे सांगितलं की मुलं ही चूक सहसा परत करत नाहीत. उलटापालट करायची गरज नसताना आपण केली, एवढाच गुन्हा.

मग ‘टू डेज बिफोर’ कधी? मोजणी आजपासून नसेल, जुन्या एखाद्या क्षणापासून असेल तेव्हा. ‘द डिस्क फेल्ड ऑन फ्रायडे. टू डेज बिफोर, वी हॅड टेकन अ बॅकअप.’ इथे शुक्रवारपासून मागे मोजलं आहे. आजपासून मागे मोजताय तर ‘अगो’, दुसऱ्या कुठल्या खुंटीपासून मोजताय तर ‘बिफोर’.

‘टू डेज बॅक’ आपल्याकडे सर्रास चालतं. बोलण्यात मी अडवत नाही. मेलमध्ये ‘अगो’च. आणि ‘सिन्स टू डेज’ हा वेगळा आजार आहे. ‘दोन दिवसांपासून’ला ‘फॉर टू डेज’ लागतं. ‘सिन्स’ला सुरुवातीचा क्षण द्यावा लागतो, जसं ‘सिन्स मंडे’. त्यावर इथे जास्त बोलत नाही.

शब्द बरोबर, खुर्ची चुकीची

‘जस्ट आय स्पोक टू हिम.’ इथे शब्द चुकलेला नाही, जागा चुकली आहे. ‘आत्ताच मी त्याच्याशी बोललो’ या वाक्यात ‘आत्ताच’ पहिलं, म्हणून ‘जस्ट’ही पहिला आला. इंग्रजीत त्याची खुर्ची ठरलेली: ‘हॅव’ आणि क्रियापद यांच्या मध्ये. ‘आय हॅव जस्ट स्पोकन टू हिम.’ ‘हॅव’ नसेल तर क्रियापदाच्या लगेच आधी: ‘आय जस्ट स्पोक टू हिम.’

खुर्ची का महत्त्वाची, तर ‘जस्ट’ला ‘फक्त’ आणि ‘नेमकं’ असेही अर्थ आहेत. खरं तर ‘नेमकं’ हा त्याचा थोरला अर्थ. लॅटिनमधल्या ‘रास्त, न्याय्य’ अशा अर्थाच्या शब्दाकडून तो फ्रेंचमार्गे आला. ‘जस्ट आय’ असं वाचलं की क्षणभर ‘फक्त मी’ असं वाटून जातं. ग्राहकाला वाटणार, बाकीची टीम कुठे गेली?

आणि आता तो ‘नाऊ ओन्ली’. हा आपल्या ‘च’चा प्रताप. ‘आत्ताच’ मधला ‘च’ सुटा काढला आणि त्याचं ‘ओन्ली’ केलं. ‘कालच’ म्हणजे ‘यस्टरडे ओन्ली’, ‘आजच’ म्हणजे ‘टुडे ओन्ली’. विनोदी कार्यक्रमांत यावर भारतीयांची भरपूर चेष्टा होऊन गेली आहे, म्हणून मुलं घाबरून ‘ओन्ली’ टाकूनच देतात. टाकायची गरज नाही. ‘च’ मागे लागतो, ‘ओन्ली’ पुढे लावा: ‘वी रिसीव्ह्ड द कीज ओन्ली यस्टरडे.’ उत्तम, सभ्य इंग्रजी. फक्त ‘नाऊ ओन्ली’ला हे औषध लागू पडत नाही, कारण ‘ओन्ली नाऊ’ म्हणजे ‘आत्ता कुठे, एवढा उशीर करून’. तिथे ‘जस्ट’ वापरा.

हल्ली-चाचणी

इथून पुढे काम थोडं अवघड होतं, कारण आता इंग्रजी नाही तर आधी मराठी तपासायची आहे.

‘रीसेंटली’ आणि ‘लेटली’ दोन्ही शब्दकोशात ‘अलीकडे’ म्हणून सापडतात. म्हणून लोक आलटून पालटून वापरतात, भाषा सुंदर दिसावी म्हणून. मग ‘लेटली आय बॉट अ लॅपटॉप’ होतं.

चाचणी अशी. तुमच्या मराठी वाक्यात ‘हल्ली’ घालून बघा. ‘हल्ली प्रिंटर सारखा अडकतो.’ बसलं? मग ‘लेटली’: ‘द प्रिंटर हॅज बीन जॅमिंग लेटली.’ ‘हल्ली मी लॅपटॉप घेतला.’ नाही बसत. कानाला खटकतं, कारण लॅपटॉप एकदाच घेतला. ‘हल्ली’ला चालू असलेली किंवा परत परत होणारी गोष्ट लागते. तिथे ‘रीसेंटली’: ‘आय रीसेंटली बॉट अ लॅपटॉप.’

मला यात सगळ्यात आवडतं ते हे की मराठीने हा फरक एका अक्षरात करून ठेवला आहे. ‘अलीकडे तो चिडचिड करतो’ आणि ‘अलीकडेच त्याने घर घेतलं’. ‘च’ नाही, तिथे बहुतेक ‘लेटली’. ‘च’ आहे, तिथे ‘रीसेंटली’. बोलताना आपण कधीकधी ‘च’ गिळतो, ‘अलीकडे त्याने घर घेतलं’ असंही म्हणतो, म्हणून हल्ली-चाचणी जास्त भरवशाची. नकारात आणि प्रश्नात मात्र दोन्ही शब्द चालतात: ‘आय हॅवन्ट सीन हिम लेटली’ म्हणा किंवा ‘रीसेंटली’ म्हणा, कोणी हरकत घेणार नाही.

‘नुकतंच’ला याच्या उलट बाजूची चाचणी लागते, कारण त्याचं रबर ‘जस्ट’पासून ‘रीसेंटली’पर्यंत ताणतं. ‘बाळ नुकतंच झोपलंय’ आणि ‘त्यांचं नुकतंच लग्न झालंय’. दोन्हींत ‘आत्ताच’ घाला. ‘बाळ आत्ताच झोपलंय’, अर्थ तोच राहिला, म्हणून ‘जस्ट’. ‘त्यांचं आत्ताच लग्न झालंय’ म्हटलं तर अक्षता अजून केसांत आहेत असं वाटेल. तुम्हाला गेल्या महिन्याबद्दल बोलायचं होतं, म्हणून ‘रीसेंटली’.

आमच्याकडे एका मुलीने ग्राहकाला लिहिलं होतं, ‘वी हॅव जस्ट चेंज्ड द पासवर्ड पॉलिसी.’ पॉलिसी बदलून तीन आठवडे झाले होते. समोरच्या माणसाने ‘जस्ट’ वाचून त्याच सकाळी आलेल्या सगळ्या लॉगिन तक्रारी त्या बदलाच्या खात्यावर टाकल्या आणि दिवसभर भलतीकडेच शोधत बसला. खरं कारण दुसरंच निघालं, सर्टिफिकेटची मुदत संपली होती. वाक्यात व्याकरणाची एकही चूक नव्हती.

लेट, लेटली, न्यूली, फ्रेशली

भराभर सांगते. ‘उशिरा’ म्हणजे ‘लेट’: ‘ही केम लेट.’ ‘ही केम लेटली’ म्हणजे काहीच नाही.

माणसाच्या आधी ‘लेट’ लावताना हात आखडा. आमच्या एका सहकाऱ्याने ‘आधीचे मॅनेजर’ म्हणायला ‘अवर लेट मॅनेजर’ लिहिलं. ग्राहकाकडून हळहळ व्यक्त करणारी तीन ओळींची मेल आली. साहेब तेव्हा बाणेरला दुसऱ्या कंपनीत मजेत होते. आधीच्या माणसासाठी ‘फॉर्मर’.

‘न्यूली’ एकटा फिरत नाही. त्याला लगेच पुढे ‘झालेलं’ असं काही लागतं: न्यूली बिल्ट, न्यूली अपॉइंटेड, न्यूली मॅरिड. ‘न्यूली आय जॉइन्ड’ नाही, ‘आय रीसेंटली जॉइन्ड’. ‘फ्रेशली’ हाताने केलेल्या, ताजेपणा टिकून असलेल्या गोष्टींना शोभतो: दळलेली कॉफी, रंग दिलेली भिंत, इस्त्रीचा शर्ट. सर्व्हर ‘फ्रेशली’ रीस्टार्ट होत नाही.

वाचणारा कुठला आहे?

ही तपासणी सगळ्यांना लागणार नाही, पण लागली तर महत्त्वाची आहे.

‘आत्ताच जेवलो’ला लंडनचा माणूस बहुधा ‘आय हॅव जस्ट ईटन’ म्हणेल, शिकागोचा सहज ‘आय जस्ट एट’ म्हणेल. दोन्ही बरोबर. एका मेलमध्ये एकच चाल ठेवा, एवढंच. अमेरिकन ग्राहकाची मेल वाचून ‘यालाच व्याकरण येत नाही’ असं म्हणणारे महाभाग मी पाहिले आहेत.

दक्षिण आफ्रिकेची गोष्ट वेगळी. तिथे ‘जस्ट नाऊ’ भविष्याबद्दल आलं तर त्याचा अर्थ ‘लगेच’ नसतो, ‘थोड्या वेळाने, जमेल तेव्हा’ असा असतो. लवकर करायचं असेल तर ते ‘नाऊ नाऊ’ म्हणतात. हे आम्हाला माहीत नव्हतं तेव्हा जोहान्सबर्गच्या ग्राहकाने लिहिलं, ‘आयल सेंड द लॉग्ज जस्ट नाऊ.’ रात्रपाळीची दोन मुलं चहालाही न उठता इनबॉक्स उघडून बसली. लॉग, म्हणजे यंत्राच्या नोंदींच्या फायली, दुसऱ्या दिवशी दुपारी आले. ग्राहकाने शब्द मोडला नव्हता, त्याच्या इंग्रजीत त्याने तेच सांगितलं होतं. त्या ग्राहकांना लिहिताना ‘जस्ट नाऊ’ मी आता पूर्ण टाळते.

सगळ्यात अवघड: मराठी शब्दच दोन्ही दिशांना बघतो

वरचं सगळं करूनही वाक्य हलत नसेल, तर बिघाड मुळात आहे. मराठीत काही शब्द मागेही बघतात आणि पुढेही.

‘परवा’ घ्या. गेलेला की येणारा, ते क्रियापद सांगतं: परवा आला, परवा येईल. वर ‘परवा बाजारात तुझी बहीण भेटली’ यातला परवा नेमका परवा नसतोच, चार-सहा दिवसांतला कुठलातरी असतो. तो असेल तर इंग्रजीत ‘द अदर डे’. ‘अनदर डे’ नव्हे, त्याचा अर्थ ‘दुसऱ्या एखाद्या दिवशी’. तारखेचा परवा असेल तर ‘द डे बिफोर यस्टरडे’, किंवा सरळ वार लिहा.

‘एवढ्यात’ही तसाच. ‘एवढ्यात दिसला नाहीस’ मागे बघतो, तिथे ‘लेटली’. ‘एवढ्यात येईल’ पुढे बघतो, तिथे ‘एनी मिनिट’. आणि ‘आत्ता’ला तर चारही दिशा मोकळ्या: आत्ता आलो, आत्ता येतो, आत्ता नको. त्यात भर म्हणून आपण भविष्यालाही भूतकाळाचा शर्ट घालतो. हाक आली की आंघोळीच्या पाण्यात उभं राहून ओरडतो, ‘आलो आलो!’ याचं भाषांतर कोणी ‘आय केम’ करत नाही, हे नशीब. पण ‘आत्ता करून टाकते’ आणि ‘आत्ताच केलं’ यांची दोन्हींची ‘जस्ट नाऊ’ झालेली मी पाहिली आहेत, एकाच मेलमध्ये, एकाखाली एक.

‘मघाशी’ला मात्र इंग्रजीत चांगली जागा आहे आणि ती कोणी वापरत नाही. आजचंच, पण आत्ताचं नव्हे, काही वेळ मध्ये गेलेला: ‘अर्लियर’ किंवा ‘अ व्हाइल अगो’. ‘मघाशी त्यांचा फोन आला होता’ म्हणजे ‘दे कॉल्ड अर्लियर.’ लोक इथे ‘सम टाइम बिफोर’ लिहितात, ते सोडा.

अशा शब्दांपाशी मी एकच करते. मराठी वाक्य कागदावर लिहिते आणि त्या शब्दाच्या डोक्यावर बाण काढते: डावीकडे म्हणजे झालं, उजवीकडे म्हणजे व्हायचंय. मग विचारते, एकदा की सारखं? आज की त्याआधी? ही तीन उत्तरं मिळाली की इंग्रजी शब्द शोधावा लागत नाही, तो एकच उरतो. शब्दाशब्दाचं भाषांतर करणाऱ्या माणसाला हे जमत नाही, कारण तो बाण काढायच्या आधीच ‘जस्ट नाऊ’ लिहून मोकळा झालेला असतो.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

रोजच्या मेलसाठी वरचं पुरे. पण काही कागद असे असतात की त्यांत मी स्वतःही हात घालत नाही.

प्रतिज्ञापत्र, करार, नोटिशीला उत्तर: ‘नुकताच ताबा दिला’ याचं ‘रीसेंटली’ करून पाठवू नका. ताब्याची तारीख हाच उद्या वादाचा मुद्दा असू शकतो. वकिलाकडे मूळ मराठी आणि तारखांचे कागद दोन्ही द्या, इंग्रजी त्यांना करू दे.

आजारपणाची माहिती: बाबा परदेशात मुलाकडे असतील आणि तिथल्या डॉक्टरला ‘बाबांनी अलीकडे गोळी बंद केली’ असं कळवायचं असेल तर ‘लेटली’ की ‘रीसेंटली’ यावर डोकं चालवू नका. गोळीचं नाव, डोस आणि बंद केल्याची तारीख इथल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि तोच कागद पाठवा.

व्हिसाचे अर्ज: नोकरी कधी सोडली, परत कधी आलात, याची वाक्यं तुमच्याच इतर कागदांतल्या तारखांशी जुळावी लागतात. एक ‘जस्ट’ इकडेतिकडे झाला तर खुलासा देत बसावं लागतं. पैसे देऊन अनुभवी भाषांतरकाराकडून करून घ्या.

आणि आयएल्टससारखी इंग्रजीची परीक्षा जवळ आली असेल, वरच्या सगळ्या तपासण्या करूनही दर निबंधात हीच चूक निघत असेल, तर हे एका शब्दाचं प्रकरण राहिलेलं नाही. काळांची सगळी वीण सैल आहे. लेखनाच्या गुणांचा चौथा हिस्सा व्याकरणाचा असतो. चांगल्या शिक्षकासमोर बसून काळ पहिल्यापासून करा, माझ्यासारखीच्या पोस्ट वाचून ते होणार नाही.

आमच्याकडे असा कागद आला तर मी त्या वाक्याच्या जागी फक्त तारीख टाकते, ओळ पिवळी करते आणि लीगल विभागाकडे पाठवते.